आबांच्या पायाखालची फरशी

रविवार, संध्याकाळ

आज सकाळी पूजा आटोपली आणि डोळे मिटून घरभर अनवाणी चाललो. बायको म्हणाली, "अहो, पडाल! काय हे वेड?" तिला काय सांगणार?

आबांना दोन वर्षांपासून दिसत नाही. तरी हेंद्रेपाड्याच्या या जुन्या घरात माझे वडील काठीशिवाय हिंडतात. शहाबादी फरशीच्या जागी चकचकीत टाइल्स लावायचं ठरलं, अंदाजाने ऑर्डरही दिली, तेव्हा त्यांना कोणी विचारलं नाही. मीही नाही. हेच मनातून जात नाही.

काल मिस्त्री माप घ्यायला आला. "साहेब, तोडफोड कशाला? फरशीवर फरशी मारू. उंबरे पण काढू, सगळं एकदम प्लेन."

आबा खाटेवरून म्हणाले, "मग मला कळायचं कसं, कुठं आलो ते? उंबरा लागला की सैपाकघर. चिरलेली फरशी लागली की देव."

"आजोबा, हाक मारायची. कोणीतरी नेईल की."

"देवापुढे जायला पण हाक मारू?"

मिस्त्रीने टेप गुंडाळून खिशात टाकली.

म्हणून सकाळचं ते चालणं. चिरलेली फरशी तीनदा पायाला लागलीच नाही. चौथ्यांदा लागली, तेव्हा हात आपोआप जोडले गेले. रोज डोळे उघडे ठेवून मी काय पाहतो?

बायकोचंही खोटं नाही. फरशीचे मळलेले सांधे घासून तिचे हात दुखतात. ते सांधे नव्याने भरून घेऊ म्हटलं, तर म्हणाली, "मग बाहेरची खोली तरी चकचकीत करा."

दुपारी कॅम्प पाच भागातल्या टाइल्सच्या दुकानात गेलो. बाहेरच्या खोलीपुरत्या टाइल्स ठेवल्या आणि बाकीची ऑर्डर रद्द करून आलो.