मोठ्याने केलेली प्रार्थना

नाशिकरोड
ता. ६ ऑगस्ट २०२४

ती. किशोरदादास,
लतिकाचा सप्रेम सलाम. वि. वि. इगतपुरीच्या पावसात तुझे कपडे वाळत नाहीत ते तुझ्या आळसाने; पावसाला उगाच बोल लावू नकोस. फोनच करणार होते, पण तुझ्या कानाच्या यंत्रापायी ओरडावं लागतं, आणि ही गोष्ट शेजाऱ्यांनी ऐकण्यासारखी नाही.

आपल्या मंडळीतल्या धोंडाबाई आठवतात ना, चर्चमध्ये फुलं लावायच्या त्या? त्यांनी मला दंडावरचे वळ दाखवले. मुलगा शेखर सातपूरहून कामावरून आला की हात उचलतो. कुणाला सांगू नको बाई, म्हणाल्या. मी कुणालाच सांगितलं नाही. गेल्या महिन्यात एका बुधवारी महिला सभेत फक्त प्रार्थना केली. तर त्याच आठवड्यात रविवारी धोंडाबाई माझ्याकडे न बघताच निघून गेल्या, आणि पुढचे दोन रविवार आल्याच नाहीत. बावीस वर्षं सभेची सेक्रेटरी म्हणून सगळ्यांचं करते आहे, दादा, आणि वर हे. मला फार लागलं आहे.

तब्येतीला जप, आणि बहिणीवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
लतिका

इगतपुरी
ता. १० ऑगस्ट

चि. लतिकेस,
अ. उ. आशीर्वाद. रेल्वेत सदतीस वर्षं काढलेल्या माणसाला आळशी म्हणणारी तू एकटीच.

तुझं पत्र दोनदा वाचलं. प्रार्थना मोठ्याने केलीस का, नाव घेतलंस का, ते त्यात नाही. घेतलंच असणार. मी मॅट्रिकला गणितात नापास झालो तेव्हा पाहुण्यांसमोर, जेवणाच्या प्रार्थनेत, तूच देवाला कळवलं होतंस! ते हसण्यावारी गेलं, हे जाणार नाही. देवाला धोंडाबाईंचं नाव ठाऊक होतं, लतिका. ठाऊक नव्हतं ते सभेतल्या बायकांना.

आणि दोन रविवार त्या आल्या नाहीत, तर घरी कोण गेलं? तुला काय लागलं ते राहू दे. म्हातारी त्याच घरात आहे. एकटी जाऊ नकोस, आणि त्यांना काय हवं ते त्यांनाच विचार.

रागावला तरी तुझाच,
दादा

नाशिकरोड
ता. २० ऑगस्ट

ती. दादास,
सलाम. वि. वि. आज थट्टा सुचत नाही.

हो, नाव घेतलं. वळांचा रंगसुद्धा सांगितला. बायका रडल्या, मीही रडले, आणि खरं सांगते, आज आपली प्रार्थना छान झाली असं मला वाटलं. त्यांतल्या एकीने नवऱ्याला सांगितलं, आणि त्याने त्याच रविवारी चर्चच्या दारातच शेखरला चारचौघांत झापलं. हे मी तुझ्यापासून लपवलं होतं. घरी जाऊन शेखरने तो राग आईवर काढला. मनगट मोडलं त्यांचं. मी गेले तेव्हा हात प्लास्टरमध्ये होता. तोंड कुठे लपवू असं झालं मला, दादा.

आपल्या चर्चच्या पाळकसाहेबांच्या पत्नी योगिनीबाई नर्स आहेत, त्यांना बरोबर नेलं होतं. शेखर कामावर होता. तुम्हाला काय हवं, एवढंच त्यांनी विचारलं. मी मध्येच बोलू लागले तर मला गप्प बसवलं. धोंडाबाईंना पोलिसांत इतक्यात जायचं नाही, पण त्या घरात राहायचंही नाही. कुठे जाल विचारल्यावर त्यांनी माझ्याकडे बोट केलं. जवळ दुसरं कोण आहे, म्हणाल्या. माफ केलं असं काही म्हणाल्या नाहीत.

चार दिवस झाले, त्या माझ्याकडे आहेत. शेखर एकदा आला, पण पाळकसाहेब बसलेले पाहून दारातूनच परतला. पहिल्या दिवशी जेवायला बसलो आणि सवयीने मी हात जोडून तोंड उघडलं. धोंडाबाई दचकल्या. धड असलेला हात माझ्या हातावर ठेवून म्हणाल्या, की मनातल्या मनात कर बाई.

तेव्हापासून रोज ताटावर मी नुसते डोळे मिटते. ऐकायला कुणी नसलं की काय बोलायचं, ते मला येत नाही, दादा.

रागाचं का होईना, पत्र पाठव.
तुझी धाकटी,
लतिका