नांदेडची गिरकी

लातूर, ४ एप्रिल
जिल्हा नवा, कलेक्टर नवे, ऑफिसरांचा क्लबही नवा. आता साहेबांच्या बाई आम्हाला नाच शिकवणार, तोही नवऱ्यासकट! ठरलेली पावलं, जोडीजोडीनं गोल फिरायचं. साहेबांच्या बाईंना नाही कोण म्हणणार? सासूबाई कडाडल्या, "प्यायला पानी न्हाई अन् हे नाचायलेत!" खोटं काय त्यात?

६ एप्रिल
मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळ्यांदेखत यांनी माझा हात धरला. लग्न झाल्यापासून रस्त्यानं हे पुढं, मी मागं. बाई सांगतात बरोबरीनं चला, आणि माझे पाय आपोआप मागं. मागची जोडी येऊन आदळली. तहसीलदारांची बायको तशीच, डॉक्टरांचीही तशीच. सगळ्याच मागं! बाईंनी कपाळाला हात लावला.

९ एप्रिल
यांचं एकही पाऊल चुकत नाही. वर बाईंनी शिकवलेलीच नाही अशी गिरकी दिली मला. हलकी, सराईत. बाई चाट. "कुठं शिकलात हो?"
"नांदेडला होतो तेव्हा. असंच, बघून बघून."
नोकरीची पहिली वर्षं हे नांदेडला एकटे, मी अहमदपूरला सासरी. पत्रात कायम एकच, खानावळीचं जेवण बरं नाही. पावलं येतील एकवेळ बघून. पाठीवर हात किती हलका ठेवायचा, तेही बघून येतं?
घरी येताना हे पुढं, मी मागं. पाठ बघत आले. ओळखीची वाटेना.

१०
अबोला. भाकरी करपल्या. सासूबाईंना वाटतंय, उन्हाचा त्रास.

१२ एप्रिल
डोक्यात नुसता राग. पावलांकडं लक्षच नव्हतं. नाच संपल्यावर बाई म्हणतात, "शाब्बास, आज मागं राहिला नाहीत!" मी बघतच राहिले. रडू आलं, ते घाम पुसल्यासारखं करून पुसलं.

१३ एप्रिल
सकाळीच टँकर आला. घागरी भरून परत निघालो. चालता चालता कळलं, मी यांच्या शेजारी. सासूबाई दारातून टक लावून. हे थांबले, म्हणाले,
"विचार की. किती दिवस तोंडात धरून बसणार हायस?"
घागर हिंदकळली, ओंजळभर पाणी सांडलं. इतके दिवस घोकलेला प्रश्न, आणि ओठावर आलं भलतंच.
"आधी ती गिरकी नीट शिकवा. मग विचारते."
यांनी घागर रस्त्याच्या कडेला ठेवली आणि हात पुढं केला.