गॅरेजमधून न पाहिलेला झेल

पिस्कॅटवे, न्यू जर्सी
७ फेब्रुवारी २००८

तीर्थस्वरूप सौ. सुलेखा मावशीस,

सत्यजितचा साष्टांग नमस्कार. (सर्दीने डोकं इतकं जड झालंय की जमिनीला टेकवलं तर पुन्हा वर येईल याची खात्री नाही. तेव्हा नमस्कार झाला असं समजून घे.) तुझी कंबर कशी आहे? नाशिकला यंदा थंडी फार पडली असं आई म्हणाली. सकाळी स्वेटर घालून फिरायला जातेस ना, की अजून "मला नाही लागत थंडी" असंच चाललंय? ई-मेल न करता कागदावर लिहितोय, कारण तुझे ई-मेल अतुलदादा मोठ्याने वाचून दाखवतो, आणि या पत्रातली एकही गोष्ट त्याच्या कानावर गेलेली मला चालणार नाही. त्याला माझी टिंगल करायला एवढं पुढची दहा वर्षं पुरेल.

रविवारी पार्सिपनीला ज्ञानदाच्या घरी काय घडलं हे तुला उडत उडत कळलं असेलच. उरलेलं माझ्याकडून ऐक, आणि ऐकताना एवढं लक्षात ठेव की सुरुवात तू केलीस. स्थळ बघून माझे छंद बदलायची तुला सवयच आहे. देवासच्या मंडळींना पाठवलेल्या माहितीपत्रकात मी पाच वर्षं शास्त्रीय गाणं शिकलो होतो. एकनाथ काकांना (म्हणजे ज्ञानदाच्या वडिलांना; चौतीस वर्षं अमेरिकेत, त्यातली तेहतीस न्यू यॉर्क जायंट्स या फुटबॉल संघाच्या काळजीत गेलेली) जो कागद गेला, त्यात मला "अमेरिकन फुटबॉलची अत्यंत आवड, विशेषतः जायंट्स" असं तू खुशाल लिहून मोकळी झालीस. मावशी, मी तोवर एकही सामना पाहिला नव्हता. चिलखतं घालून एवढी धडधाकट माणसं चेंडू सोडून एकमेकांवर का पडतात, हा प्रश्न पडून मी चॅनेल बदलत असे.

बरं, ज्ञानदाला मी चार महिने ओळखतो. ती कशी आहे ते फोनवर तुला सांगून झालंय आणि तू पोट धरून हसलीस, म्हणून पुन्हा सांगत नाही. तिने हो म्हणावं, यापलीकडे मला या देशाकडून काही नको, डिग्रीसुद्धा नंतर मिळाली तरी चालेल. (हे बाबांना सांगू नकोस.) पण विषय काढायला गेलं की ती एवढंच म्हणायची, "आधी डॅडला भेट." आणि डॅडनी भेटीला दिवस दिला तीन फेब्रुवारीचा, म्हणजे सुपर बोलचा, म्हणजे या खेळातल्या वर्षाच्या सर्वांत मोठ्या अंतिम सामन्याचा. समोर पेट्रियट्स, त्या मोसमात अठरापैकी अठरा सामने जिंकून आलेले. इकडे काकांचे जायंट्स. मुलगा बघायचा कार्यक्रम सामन्याच्या मध्ये बसवला होता, तिळगूळ आणि चिप्स यांच्यामध्ये.

मी हादरलो आणि अभ्यासाला लागलो. माझ्या रूममेटने, अमितने, कुठूनसा दोन पानांचा कागद छापून आणला: जायंट्सच्या इतिहासातले अविस्मरणीय क्षण. क्षणाचं नाव, तारीख, गुण. मी तो आपल्या कॉलेजातल्या तोंडी परीक्षेच्या पद्धतीने केला, म्हणजे अर्थ बाजूला ठेवून पाठ केला. दाढी करताना तारखा म्हणायचो. अमितने उलटसुलट विचारून पाहिलं, एकही चुकली नाही. याच पद्धतीने मी चार वर्षं डिस्टिंक्शन मिळवलंय, त्यामुळे मला पूर्ण भरवसा होता.

पार्सिपनीच्या त्या भागात सगळी घरं एकसारखी. मी पाऊण तास गाडी घेऊन गोल गोल फिरलो. तेवढ्या वेळात जायंट्सनी तीन गुण मिळवून आघाडी घेतली. मी आत शिरलो, पद्मिनी काकूंच्या पाया पडलो, तिळगूळ घेतला, सोफ्यावर टेकलो, आणि पेट्रियट्सनी सात गुण केले. काकांनी फक्त एकदा टीव्हीकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं.

मध्यंतरात तोंडी परीक्षा झाली. "सो सत्यजित, ऑल टाइम फेव्हरेट प्ले कुठला तुझा?" काकांनी विचारलं. प्रश्न अपेक्षित होता. मी म्हटलं, मिरॅकल ॲट द मेडोलँड्स, एकोणीस नोव्हेंबर एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर. (मेडोलँड्स हे जायंट्सचं घरचं मैदान. घरच्या मैदानावर चमत्कार झालाय म्हणजे तो घरच्यांनीच केला असणार, असं कुठल्याही सरळ मनाच्या माणसाला वाटेल.) वर मी हेही म्हणालो की काय क्षण होता काका, आजही आठवलं की अंगावर काटा येतो! खोलीत चिप्स खाल्ल्याचा आवाजही थांबला. मग कळलं की त्या दिवशी जायंट्स जिंकत आले होते. शेवटचे काही सेकंद नुसतं चेंडू घेऊन गुडघा टेकायचा होता. तेवढ्यात यांच्या हातून चेंडू निसटला, फिलाडेल्फियाच्या गड्याने तो उचलला, धावत नेला आणि सामना जिंकला. चमत्कार त्यांचा, तेरावं यांचं. आणि काका त्या दिवशी त्या मैदानावर होते, शेजारी नवी नवरी असलेल्या काकू. काकूंना अमेरिकेत येऊन सहा आठवडे झाले होते. जिंकलो असं समजून त्यांनी बटाटेवड्यांचा डबा उघडला, आणि तो तसाच बंद करून घरी आणावा लागला. लग्नानंतर यांना रडताना पाहिलं ते त्या एकदाच, असं काकू म्हणाल्या.

मी सावरायला गेलो. आनंद चुकला तर दुःख काढावं म्हणून मी एक्क्याण्णवचा सुपर बोल काढला. कागदावर होतं: शेवटची किक, सत्तेचाळीस यार्ड, थोडक्यात उजवीकडून बाहेर. मी चेहरा पाडून म्हणालो की काका, ती किक हातभर आत गेली असती तर! ज्ञानदाने उशीत तोंड लपवलं. ती किक समोरच्यांची होती, मावशी. ती आत गेली असती तर जायंट्स हरले असते. ती चुकली त्या आनंदात काकांनी सात वर्षांच्या ज्ञानदाला खांद्यावर घेऊन घरभर नाचवलं होतं. काकांनी हळूच काकूंना विचारलं, "हा नक्की कोणाच्या बाजूचा आहे गं?"

पुढचा भाग मला वेगळ्या कारणासाठी लक्षात राहील. तिसऱ्या डावात मला जेवायला स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसवलं होतं, तर कोणाचाच गुण झाला नाही. चौथ्यात मी वर हात धुवायला गेलो आणि खाली आरडाओरडा झाला, जायंट्सचे सात गुण. मी आनंदाने धावत खाली आलो, सोफ्यावर बसलो, आणि पेट्रियट्सनी सात गुण करून पुन्हा आघाडी घेतली. आता तीन मिनिटंही उरली नव्हती. काका पूल बांधणारे इंजिनिअर, डॉक्टरेट झालेले, पुराव्याशिवाय बोलत नाहीत. पुरावा त्यांच्यासमोर सोफ्यावर बसला होता. ते उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि अत्यंत मायेने म्हणाले, "बेटा, तू जरा गॅरेजमध्ये जाऊन उभा राहतोस का?" (तू हसू नकोस. भारताची शेवटची जोडी खेळत होती तेव्हा तू मला पाऊण तास दाराच्या कडीला हात लावून उभं ठेवलं होतंस.)

गॅरेजमध्ये दोन मोटारी, बर्फ काढायची फावडी, गवत कापायचं यंत्र, एक मोठा फ्रीझर आणि मी. बूट पुढच्या दाराशी राहिलेले, त्यामुळे पायात नुसते मोजे. थोड्या वेळाने ज्ञानदा काकूंची शाल घेऊन आली. म्हणाली, "तुला फुटबॉलमधलं काहीही कळत नाही ना?" मी सगळं कबूल केलं, तुझ्या माहितीपत्रकासकट. ती हसता हसता फ्रीझरला टेकली. म्हणाली की चोवीस वर्षं तिचे सगळे रविवार या खेळात गेलेत आणि तिला हा खेळ मुळीच आवडत नाही. मावशी, ती तशी हसत असताना मला राहवलं नाही. दातांवर दात वाजत होते, नाकाची कड गोठली होती, काही पाठ केलेलं नव्हतं. मी विचारून टाकलं की माझ्याशी लग्न करशील का.

तिचे ओठ हललेले मी पाहिले. आणि त्याच क्षणी आत घर फुटल्यासारखा आवाज झाला. किंकाळ्या, काचेचं काहीतरी खळकन पडलेलं, आणि सगळ्यांच्या वर काकांचा आवाज. डॅडना हार्ट ॲटॅक आला असं वाटून ती आत पळाली. मला आत यायची मनाई होती.

काय झालं ते मी नंतर टीव्हीवर चाळीस वेळा पाहिलं. जायंट्सच्या चेंडू फेकणाऱ्याला तीन राक्षसांनी शर्टाला धरून जवळजवळ आडवा केला होता. तो कसा सुटला देव जाणे. त्याने चेंडू लांब फेकला, आणि दुसऱ्या गड्याने उडी मारून तो एका हाताने स्वतःच्या शिरस्त्राणावर दाबून धरला. पाठीवर आदळला, वर शत्रू लोंबकळतोय, पण चेंडू काही जमिनीला लागला नाही. मग पस्तीस सेकंद उरले असताना जायंट्सनी गुण केले आणि सतरा-चौदा असे जिंकले. जायंट्सच्या इतिहासातला सर्वांत मोठा झेल माझ्यापासून वीस फुटांवर सगळ्यांनी पाहिला आणि मी तेव्हा फावड्याकडे बघत होतो. नंतर दहा मिनिटं मला आत घ्यायची कोणाला आठवणही झाली नाही.

अखेर काका स्वतः आले. मला उचलून मिठी मारली. डोळ्यांत पाणी होतं. (म्हणजे आता दोनदा.) पुढच्या मोसमात सोळाच्या सोळा सामन्यांना मी याच गॅरेजमध्ये हवा, हीटर बसवून देतो, असं त्यांनी जाहीर केलं. तेव्हा काकांना मी पसंत आहे, फक्त जावई म्हणून की गॅरेजमधलं सामान म्हणून, ते अजून नीट कळलेलं नाही. निघताना ज्ञानदा दारात उभी होती. कशाची तरी वाट बघितल्यासारखं बघत होती, मग तुटक "गुड नाइट" म्हणून आत गेली. मी काय समजायचं?

बाकी इथे मी सर्दीसकट मजेत आहे, तू तब्येतीला जप आणि अतुलदादाला यातलं काही कळू देऊ नकोस.

तुझा,
सत्यजित

ता. क. पत्र लिहायचं खरं कारण आता सांगतो. ज्ञानदा काय म्हणाली ते मला ऐकूच आलं नाही आणि पुन्हा विचारायची हिंमत होत नाही. चार दिवसांत मी तिला फोनही केलेला नाही. तू पद्मिनी काकूंना सहज म्हणून फोन कर आणि काढून घे. नाही म्हणाली असेल तर मला लगेच कळवू नकोस. सत्तावीस तारखेला माझी परीक्षा आहे, ती झाल्यावर सांग, तेवढं मी धीराने घेईन.

ता. क. २. घरात गोंद नाही, म्हणून पाकीट उघडंच अमितकडे देतोय. तो पोस्टाकडेच चाललाय.

सुलेखा मावशी, नमस्कार. मी ज्ञानदा. माझं मराठी हँडरायटिंग वाईट आहे, सॉरी. अमितने हे लेटर पोस्ट न करता मला आणून दिलं. दुसऱ्याचं पत्र वाचायचं नसतं हे मला माहीत आहे, पण मी वाचलं. दीड तास लागला. आईला फोन करू नका, तिला काही माहीत नाही. मी तेव्हा हो म्हणाले होते. चार दिवस मी वाट बघते आहे की हा काहीतरी बोलेल, आणि मला वाटलं ह्याने विचार बदलला. मी रडलेपण. आता मी पिस्कॅटवेला त्याच्याकडे चालले आहे. परत सांगते, मोठ्याने.