मयत मतदार स्वतः हजर

शिकागो, १२ जानेवारी

तीर्थस्वरूप अपोलोनियाताईस, वालेन्तीचा नमस्कार पोचावा.

सर्वांत आधी कळवतो की मी जिवंत आहे. एरवी हे वेगळे लिहावे लागत नाही, पत्र आले यावरूनच समजते. पण मागच्या महिन्यात एका वकिलाने शिक्क्यानिशी कागद दाखल केला की वालेन्ती गोन्शोरेक सहा वर्षांपूर्वी वारले. उडत उडत तुझ्या कानी काही आले असेल तर मनाला लावून घेऊ नकोस.

तुझा गुडघा कसा आहे? जिना उतरताना आवाज येतो असे तू लिहिले होतेस. माझाही येतो, पण चढताना येतो. दोन्हींत वाईट कोणता हे डॉक्टर सांगत नाही, वजन कमी करा एवढेच सांगतो. मिलवॉकीत बर्फ किती पडला? इथे पडला, वितळला, पुन्हा गोठला, आणि मी तीन दिवस दाराबाहेर पाऊल टाकले नाही. पाव संपला तेव्हा बिस्किटांवर काढले. कोबीचे सूप मात्र करून ठेवले होते. (माझ्या सोफियाच्या हातचे होते तसे होत नाही. ती असती तर या प्रकरणात मी पडलोच नसतो. दारावर आलेल्या माणसाच्या कागदावर सही करायची नाही, हा तिचा कडक नियम होता.)

आता प्रकरण सांगतो. आपल्या धाकट्या झिगमुंटची रेनाता नगरसेवकपदाला उभी राहिली आहे. होय, तीच, शाळेत परिचारिका आहे ती, माझ्या वरच्या मजल्यावर राहते ती. समोर कोण, तर डेव्हिट, जो बावीस वर्षे त्या खुर्चीत बसला आहे. कोपऱ्यावरचे वाचनालय चारलाच बंद होते आणि बसथांब्यावरचा बर्फ कोणी काढत नाही, म्हाताऱ्या बायका पडतात, असे तिचे म्हणणे. माझे म्हणणे असे की खरे आहे, पण आपणच का? शहरात तीस लाख माणसे आहेत. यंदा महापौरपदालाच नऊ जण उभे आहेत. त्यांतला एक चर्चच्या तळघरातल्या शुक्रवारच्या माशांच्या जेवणाला आला आणि माझा दुखरा अंगठा असा दाबून गेला की मी चार दिवस डाव्या हाताने जेवलो. अशा लोकांत आपल्या मुलीने कशाला जावे? पण ती झिगमुंटची मुलगी. त्याने कधी कोणाचे ऐकले?

उभे राहायचे तर वॉर्डातल्या चारशे त्र्याहत्तर मतदारांच्या सह्या लागतात, आणि एका जागेसाठी एका माणसाने एकाच उमेदवाराच्या कागदावर सही करायची असते. हे नीट लक्षात ठेव. मी ठेवले नव्हते असे नाही. ठेवले होते म्हणूनच घोटाळा झाला.

डेव्हिटचा आमच्या रस्त्यावरचा माणूस म्हणजे जीन हॅनरहन. फार चांगला माणूस. कचऱ्याचा डबा फुटला तर नवा आणून देतो, झाडाची फांदी तारेवर आली तर माणसे पाठवतो, आणि कोणाचा वाढदिवस कधी, नामदिन कधी हे सगळे खिशातल्या वहीत लिहून ठेवतो. बावीस वर्षांपूर्वी तो पहिल्यांदा आला तेव्हा दार मी उघडले. यादी बघत त्याने विचारले, "झिगमुंट?" मी म्हटले, "हो." म्हणजे झिगमुंट इथेच राहतो, वर आहे, हाक मारतो, असे मला म्हणायचे होते. पण तोवर त्याने माझा हात हातात घेतला होता आणि माझ्या छातीवर बिल्ला लावला होता. आता नाही कसे म्हणणार? पुढच्या वेळी सांगू म्हटले. पुढच्या वेळी तो दोन मेला, संत झिगमुंटच्या दिवशी, म्हणजे आपल्या झिगमुंटच्या नामदिनाला, केक घेऊन आला. केक हातात घेऊन माणसाला चूक कशी दाखवायची, ताई? भीड भिकेची बहीण म्हणतात. माझ्या बाबतीत ती घरी येऊन राहिली आहे.

झिगमुंटला राजकारणी माणसांचा तिटकारा, तू जाणतेसच. जीन जिन्याशी आला की तो वरून पाणी टाकायचा. त्यामुळे जीनच्या हिशेबी खालचा सज्जन तो झिगमुंट आणि वरचा खवट तो वालेन्ती. "तुमचा तो वालेन्ती म्हणजे काय चीज आहे हो!" असे तो मलाच सांगायचा. "एवढं वय झालं, अक्कल नाही आली." मी मान डोलवायचो आणि ऐकून घ्यायचो. मग झिगमुंट गेला. आठवड्याने जीन दारात फुले घेऊन उभा. डोळ्यांत पाणी. म्हणाला, "झिगमुंट, वालेन्तीचं ऐकलं. फार वाईट झालं. तसा मनाने वाईट नव्हता तो." ताई, माझ्याच मरणावरचे सांत्वन मी उभ्याने ऐकून घेतले आणि त्याला कॉफी दिली.

सप्टेंबरात तो डेव्हिटचा कागद घेऊन आला. ओळीवर नाव आधीच छापील अक्षरांत लिहिले होते: झिगमुंट गोन्शोरेक. नुसती सही करायची. त्याच सकाळी त्याने मला चाके असलेला नवा डबा आणून दिला होता. मी केली सही. झिगमुंट गोन्शोरेक. म्हटले, जो गेला त्याचे काय बिघडते? पुढच्या आठवड्यात रेनाता तिचा कागद घेऊन खाली आली, तिथे मी माझी सही केली. वालेन्ती गोन्शोरेक. दोन उमेदवार, दोन भाऊ, एकेकाला एकेक. त्या रात्री मला फार छान झोप लागली. (अशी झोप लागली की समजावे, काहीतरी चुकले आहे.)

रेनाताने सहाशे दहा सह्या दिल्या. डेव्हिटच्या वकिलांनी त्या कांदा सोलावा तशा सोलल्या. हा वॉर्डाबाहेरचा, हिची सही जुळत नाही, याने पत्ताच लिहिला नाही. सोलता सोलता उरल्या नेमक्या चारशे त्र्याहत्तर, त्यांत एक माझी, आणि तिच्यावर हरकत: सही करणारा मयत आहे. जीनने शपथेवर सांगितले होते की वालेन्तीच्या घरी तो स्वतः फुले घेऊन गेला होता. म्हणजे माझी सही गेली की पोरगी बाद. बादच नव्हे, मेलेल्यांच्या सह्या करणारी म्हणून शाळेतही तोंड दाखवायला जागा नाही.

रेनाता मात्र हसत होती. "काका, तुम्ही फक्त येऊन उभे राहा," म्हणाली. "तुम्ही जिवंत आहात, एवढंच दाखवायचंय. आणि माझ्याकडे त्यांच्यासाठी एक गंमत आहे." कोणती ते सांगेना. मी रात्रभर जागा. जीनसमोर वालेन्ती म्हणून उभे राहायचे! त्यापेक्षा खरेच मेलेले बरे, असे दोनदा मनात आले.

सुनावणी शहरात एका मोठ्या इमारतीच्या तळघरात होती. अधिकारी बाई खोकल्याच्या गोळ्या चघळत होत्या. मी वाहन परवाना, पेन्शनचे कार्ड, बाप्तिस्म्याचा दाखला आणि खबरदारी म्हणून लग्नाचा फोटो नेला होता. नाव विचारले, मी सांगितले. वकील ताडकन उठला. "बाई, हे वालेन्ती नाहीत. यांना ओळखणारा माणूस इथे हजर आहे." मागून जीन उठला आणि माझ्याकडे बघून हसला, अगदी मायेने हसला.

"हे झिगमुंट," तो म्हणाला. "बावीस वर्षांची ओळख आहे आमची. भाऊ गेल्यापासून बिचाऱ्यांचं जरा... काय झिगमुंट, घरी सोडू का तुम्हाला?"

मी कागद पुढे सरकवले. बाईंनी सगळे वाचले, लग्नाचा फोटोसुद्धा पाहिला. मग विचारले, झिगमुंट कोण? धाकटा भाऊ, मी म्हटले. कुठे असतात? दफनभूमीत, आईच्या डाव्या हाताला. कधीपासून? सहा वर्षे झाली. जीनची टोपी खाली पडली, ती त्याने उचलली नाही.

तेव्हा रेनाताने तिची गंमत बाहेर काढली. डेव्हिटच्या कागदांचे चौदावे पान. "बाई, यंदाच्या सप्टेंबरात माझ्या मेलेल्या वडिलांनी नगरसेवकांसाठी सही केली आहे. खाली श्री. हॅनरहन यांची शपथ आहे की प्रत्येक सही त्यांच्या डोळ्यांदेखत झाली. ही खोटी सही कोणी केली, ते त्यांनी सांगावं."

सगळे जीनकडे बघू लागले. तो पांढराफटक पडला. खोट्या शपथेला तुरुंग आहे, ताई. आणि तो माणूस माझ्याकडे बघत होता. रागाने नाही, नुसता गोंधळून, रस्ता चुकल्यासारखा. माझी पाचावर धारण बसली. गप्प बसलो असतो तर रेनाताचा जयजयकार झाला असता, वर्तमानपत्रात फोटो आला असता, डेव्हिट तोंडघशी पडला असता. फक्त जीन बुडाला असता, जो बावीस वर्षे माझ्यासाठी केक आणत होता, जरी दुसऱ्याच्या नावाने.

"मी केली," मी म्हटले.

रेनाता वळली. "काका?"

मग मी सगळे सांगितले. यादी, बिल्ला, केक, पाणी, फुले, डबा. मधे कोणीतरी हसायला लागले, मग सगळेच. बाईंची गोळी घशात अडकली, त्यांना पाणी द्यावे लागले. वकील तेवढा हसला नाही. त्याचे म्हणणे, मग याने दोनदा सही केली, आधी आमच्याकडे. म्हणून पुतणीकडची बाद धरा! बाई डोळे पुसत म्हणाल्या, "वकीलसाहेब, मेलेल्या माणसाच्या नावाची सही कोणाचीच नसते. तुमच्याकडची खोडली. या गृहस्थांनी स्वतःच्या नावाने एकदाच सही केली आहे, आणि ते माझ्यासमोर घाम पुसत उभे आहेत. ही धरली." चारशे त्र्याहत्तर. रेनाताचे नाव मतपत्रिकेवर आले.

बसमध्ये ती अर्धा रस्ता खिडकीबाहेर बघत होती. मी म्हटले, रागाव, पण बोल. तेव्हा म्हणाली, "काका, बाबांनी जन्मात त्या डेव्हिटला मत दिलं नाही. आणि तुम्ही त्यांच्याकडून मेल्यावर सही घेतलीत!" आणि एवढी हसली, एवढी हसली की शेवटी रडली. मग मीही. ड्रायव्हर आरशातून बघत होता.

तीन दिवसांनी जीन आला. दारात उभा राहून टोपी फिरवत होता. "वालेन्ती," म्हणाला. बावीस वर्षांत पहिल्यांदा. आम्हा दोघांनाही अवघडल्यासारखे झाले. "तुमच्या तोंडावर तुमच्याबद्दल काय काय बोललो हो मी!" मी म्हटले, "सगळं बरोबर होतं. फक्त माणूस तो होता." त्याने खिशातली वही काढली आणि माझा नामदिन विचारून घेतला. मग म्हणाला, डेव्हिटसाहेब माझ्याशी बोलत नाहीत, पण मतदान फेब्रुवारीच्या शेवटच्या मंगळवारी आहे, तोवर बोलतील. मी कॉफी दिली.

तर असे आहे. बाकी सर्व ठीक. गुडघ्याला गरम कापडाचा शेक दे. तुझ्या प्रार्थनेत माझे नाव असतेच. यापुढे ते जिवंतांच्या यादीत घेतेस ना, एकदा खात्री करून घे.

तुझा आज्ञाधारक भाऊ,
वालेन्ती

ता. क. रेनाताचे पोस्टर मी पुढच्या खिडकीत लावले आहे, चांगले मोठे. मागच्या खिडकीत डेव्हिटचे आहे. जीनने आणले होते, नाही म्हणवेना. शिवाय कचऱ्याची गाडी मागच्या गल्लीतून येते. रेनाता मागे जात नाही. तिला लिहू नकोस.

पुन्हा ता. क. खरे काम राहिलेच. सोबत एक छापील कागद आहे. बाईंनी मला सोडताना सांगितले की झिगमुंटचे नाव मतदार यादीतून काढण्याचा अर्ज मतदानाच्या आत आला पाहिजे, नाहीतर मला पुन्हा बोलावतील. त्याच्या मृत्यूचा दाखला आणि दोन नातेवाइकांच्या सह्या लागतात. रेनाता उमेदवार असल्याने तिची चालत नाही. तेव्हा एक माझी, एक तुझी. रेनाताने हाच दाखला सहा वर्षांपूर्वी मला निवडणूक कचेरीत पाठवायला दिला होता. पाठवला म्हणून मी तिला सांगितले आणि कपाटात ठेवला. प्रत्येक निवडणुकीला त्याच्या नावाचे कार्ड टपालाने यायचे, ताई, आणि मी ते वर नेऊन त्याच्या दारात ठेवायचो. रेनाता कामावर असायची. संध्याकाळच्या आत परत आणायचो. कोणाचे काही बिघडत नव्हते. पण आता दाखला पाठवायला हवा. माझी सही मी केली आहे, दोनदा वाचून केली आहे.

आणखी एक. तुझी सही करताना तुझेच नाव लिही. हसू नकोस. आपल्या घरात हे सांगावे लागते.