वेस नसलेला नकाशा

४ जानेवारी

आले एकदाची. खोली आहे, खोलीला खिडकी आहे, खिडकीला पडदा आहे आणि पडद्याला अशी शिवण आहे की बघतच बसले. काकू घरी पडदे शिवतात. अर्ध्या गावाच्या खिडक्या मीच झाकल्यात, म्हणतात. काका लिफ्ट दुरुस्त करायचे, आता निवृत्त. आयुष्यात चढउतार फार पाहिले पण सगळे दुसऱ्यांचे, हा विनोद त्यांनी मी चपला काढायच्या आत करून टाकला. काकू म्हणाल्या, घ्या, आता हा रोज ऐकायचा आहे तुला.

मी आलेय नकाशासाठी. किल्ले बांधायचा जो गेम मी कॉलेजात असल्यापासून खेळते (कॉलेज सोडलं त्याच्याचपायी, पण ते असो), त्यात आपले आपण नकाशे बनवता येतात. डोंगर उचलायचे, नदी ओतायची, माणसं पेरायची. मग सिनारिओ लिहायचा, म्हणजे डावात दुष्काळ कधी पडेल, वेढा कधी बसेल, ते सगळं. आम्हा नकाशेवाल्यांचा नेटवर एक अड्डा आहे. तिथं काकांनी लिहिलं होतं की मुलीचा नकाशा अर्धा राहिलाय, कुणी पुरा करेल का, राहायची-जेवायची सोय होईल.

मुलगी म्हणजे मुंगी. अड्ड्यावर हेच नाव आणि घरातही हेच. तिचे नकाशे मी खेळलेय. तिच्या नदीला वळण असायचं. आमच्या नद्या म्हणजे नळ. ती मागच्या वर्षी गेली. हॉस्पिटलच्या खाटेवर बसून हा शेवटचा नकाशा करत होती.

मी कुठंच महिन्याच्या वर टिकत नाही, हे आधीच सांगून टाकलं. काकू म्हणाल्या, पायाला भिंगरी आहे होय. तेव्हापासून मी भिंगरी. जेवण मस्त झालं. उशी मऊ आहे.

६ जानेवारी

काम करायचं म्हणून बसले आणि सकाळभर नुसती फिरले नकाशात. टेकडीवर छोटा किल्ला, खाली शेकोटी, शेकोटीच्या मागं सफरचंदाची चार झाडं. त्यातलं एक मुद्दाम वाकडं. कोण करतं एवढं? मी तर एकच झाड शंभरदा चिकटवते.

शेकोटीजवळ एक मुलगी उभी आहे. या गेममध्ये बेकार माणसं शेकोटीशी उभी असतात; तुम्ही चक्की बांधली, विहीर खणली, की त्यातला एकेक जण उठून कामाला लागतो. बाकीचे लागले. ही लागली नाही. लाल स्वेटर. गेममध्ये लाल स्वेटर नाहीये, मुंगीनं स्वतः रंगवला असणार. काका म्हणाले, ती तीच आहे. मी म्हटलं हो, छान काढलंय स्वतःला.

आणि नकाशाला वेस नाही. दर नकाशाच्या कडेला वेस लागते, दोन दगडी खांब. धान्याच्या गाड्या, नवी माणसं, शत्रू, सगळे तिथूनच आत येतात, आणि जायचं झालं तर तिथूनच जातात. वेस विसरणं म्हणजे अगदी नवशिक्याचं काम. अड्ड्यावर कुणी विसरलं की सगळे विचारतात, अब्रू आता टांगणार कुठं?

मुंगी विसरणार नाही. काकांना विचारलं तर म्हणाले, मी पुसली. ती सारखी तिकडं चालायला लागायची.

मला हसू आलं. मग त्यांच्याकडे बघितलं आणि गेलं.

७ जानेवारी

तर काम असं आहे. वेस नाही म्हणून गाड्या येत नाहीत, कोठार रिकामं होत आलंय. धान्य मिळायला हवं पण कुणी बाहेर जाता कामा नये. कोडं म्हणून झकास आहे. तटाच्या आतच गव्हाचं शेत काढलं, नदीचा एक फाटा आत वळवला, चक्की, भट्टी. मेंढ्या शेतात शिरल्या, त्यांना हाकलण्यात दुपार गेली. मेंढी या प्राण्यावर मी कधीतरी सविस्तर लिहिणार आहे.

कॉम्प्युटर बैठकीच्या खोलीत असतो. कधी बंद करत नाहीत. संध्याकाळी चहा घेऊन दोघं समोर बसतात. काकू सुईत दोरा ओवायचं भिंग डोळ्याला लावून बघतात. आज म्हणाल्या, हिच्या पायात चपला नाहीत गं, शेकोटी जरा जवळ सरकव. सरकवली. काकूंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. असा हात बऱ्याच दिवसांत, म्हणजे, असो.

९ जानेवारी

नकाशा फिरवता येतो, चारही बाजूंनी. फिरवला की माणसांच्या पाठी दिसतात, कुशी दिसतात. मुंगीची पाठ दिसत नाही. कुठूनही फिरवा, ती आपल्याकडेच बघते.

गेममधली काहीतरी चूक असेल. अड्ड्यावर विचारणार होते, विचारलं नाही. काकूंनी मला मापासाठी पडदा धरायला बोलावलं. गप्पा मारत बसलो. त्या म्हणाल्या, तू तिच्यासारखी अजिबात नाहीस, ती फळांची सालं कधी टेबलावर टाकायची नाही. आवडलं मला ते.

११ जानेवारी

माणसावर क्लिक केलं की खालच्या पट्टीत त्याचं वाक्य येतं. "काम द्या मालक", "भाकर संपली", असली ठरीव वाक्यं. मुंगीवर मी आजवर क्लिक केलंच नव्हतं. का ते माहीत नाही. आज केलं.

"आई, येते."

काकूंनी मशीन थांबवलं. उठून आल्या. परत कर म्हणाल्या. परत तेच. येतेय म्हणते, बघा, येतेय म्हणते, असं त्या काकांना सांगत होत्या आणि त्यांचा हात माझ्या खांद्यावर इतका घट्ट होता की वळ उठलाय. काकांनी पुढच्या दाराची कडी काढून ठेवली. टेबलावर एक ताट जास्त.

सिनारिओतली सगळी वाक्यं चाळली. हे वाक्य त्यात कुठंच नाही. कुणी लिहिलेलंच नाही.

१३ जानेवारी

दार उघडंच आहे, घरात गारठा भरलाय. कुणी आलं नाही.

मुंगी बारीक झालीय. कोठार भरलेलं आहे, भट्टीतून पाव निघतायत, सगळे खातात, ती खात नाही. डोक्यावर केस होते, मी नक्की पाहिले होते. आता नाहीत. स्पीकरमधून खोकला येतो. या गेममध्ये खोकल्याचा आवाज नाहीये. मला सगळे आवाज पाठ आहेत. कुऱ्हाड, घण, मेंढी, घंटा. खोकला नाही.

काका खोकला ऐकतात आणि दोन्ही हातांनी गुडघे धरून बसतात. म्हणाले, तेव्हा पण असाच होता.

१४ जानेवारी

पाव आणायला निघाले होते. दारातून सवयीनं म्हटलं, काकू, येते. आणि आतून, मशीनच्या घरघरीतून, काकू म्हणाल्या, ये.

माझा हात दारावरच राहिला.

निघताना आपण जाते कधी म्हणत नाही. येते म्हणतो. आणि मागं राहणाऱ्यानं ये म्हणायचं असतं, मग पाऊल उचलायचं.

ती येत नाहीये. ती निघालीय. निरोप मागतेय.

पाव न आणताच परत आत गेले. कसं सांगायचं ते कळेना, म्हणून सरळ सांगितलं. काकूंनी सुईखालचं कापड नीट केलं. म्हणाल्या, कळलंय मला ते, पहिल्या दिवशीच कळलं. खाटेवर पण ती हेच म्हणाली होती. मी म्हटलं थांब, चहा घेऊन वर येते, मग बोलू. तहान नव्हती गं मला. ये म्हणायला लागू नये म्हणून गेले खाली.

परत वर आल्या तेव्हा खाट नुसती खाट होती.

मी त्यांच्या पायाशी बसून राहिले. पुढं काय लिहू.

१६ जानेवारी

काकू म्हणाल्या, वेस लाव. मी काकांकडे पाहिलं. ते भिंतीकडे तोंड करून बसले होते. तसेच बसून म्हणाले, लिफ्ट दोन मजल्यांमध्ये अडकली की आतल्यापेक्षा बाहेरचेच जास्त ओरडतात. मग म्हणाले, माणसाला तसं अडकवून ठेवायचं नसतं. लाव.

लावली. नदी वळते तिथं, पूर्वेच्या कडेला. तटाला तिकडं जायचं दारही केलं.

मुंगी शेकोटीपासून निघाली. पहिल्यांदा तिची पाठ दिसली. हळूहळू चालत गेली, मध्ये दोनदा थांबली. खांबाशी पोचली आणि वळली.

"आई, येते."

काकूंनी तोंड उघडलं. पदराचा बोळा तोंडात धरला. नाही म्हणाल्या. आज नको. उद्या म्हणते.

१७ जानेवारी

ती तिथंच आहे. खांबाशी आडवी झालीय. गेममध्ये माणसं आडवी होत नाहीत, तशी हालचालच नाही त्यात. खोकला थांबत नाही. मी आवाज बंद केला. तरी येतो.

काकूंना म्हटलं, एकच अक्षर आहे. त्या म्हणाल्या, तुला कुणाला म्हणायला लागलंय का कधी?

नाही लागलं. मला कुणी विचारून गेलं नाही.

१८ जानेवारी

म्हणाल्या. दुपारी. काका शेजारी, मी मागं उभी. काकूंनी कॉम्प्युटरच्या पडद्यावर तळवा ठेवला आणि अगदी रोजच्या आवाजात, शाळेला निघालेल्या पोरीला म्हणावं तसं, ये गं, म्हणाल्या.

मुंगी उठून बसली. खोकला थांबला. मी रडायला लागले, काका पण.

ती खांबापलीकडे गेली असती. एक पाऊल राहिलं होतं. तेवढ्यात काकू म्हणाल्या, थांब पण, एवढी शिवण होऊ दे, एकटी कुठं —

आणि ती थांबली.

१९

कप विसळायला गेले होते. मशीन चालू होतं. चालू असल्याचा आवाज येत होता, एकसारखा, खूप वेळ. काकू कधी एवढा वेळ एकसारखं —

खुर्ची रिकामी. सुईखाली पडदा गोळा झालेला. खुर्ची अजून गरम होती. चपला दाराशी.

घरभर शोधलं. मग काकांनी भिंग उचललं.

खांबाशी दोघी आहेत. एक लाल स्वेटर. एक पांढऱ्या केसांची, खांद्यावर मापाची फीत. मी ठेवलेली नाही. मी नाही ठेवलेली —

क्लिक केलं. "अहो, येते हं."

काका कितीतरी वेळ त्या दोघींकडे बघत बसले. मग मला विचारलं, तू आहेस ना इथं? मी म्हटलं, आहे. जाणार नाहीस ना? नाही म्हटलं. खरंच म्हटलं. बरं झालं, म्हणाले.

मला वाटलं धीर हवाय त्यांना —

त्यांना तेवढंच हवं होतं. मागं कुणीतरी —

तारीख बघितली नाही

काकांचा चष्मा टेबलावर आहे. चहा अर्धा.

तिघं. वेशीच्या आत, ओळीनं. मुंगी मध्ये. तिला केस आलेत. पायात चपला आहेत, काकूंनी आपल्या दिल्या असतील. पण काकूंच्या तर इथं दाराशी —

वेस उघडी आहे. जात नाहीत. तिघंही वळून बघतायत. नकाशा फिरवला. तरी माझ्याकडेच.

क्लिक केलं.

"भिंगरे, येतो आम्ही."

वाट बघतायत. मी म्हणायचं आहे.

घर केवढं मोठं आहे. मशीन बंद केल्यापासून कसलाच आवाज नाही. कुणी डोक्यावरून हात —

नंतर

काका आता खोकतायत.

काकू बसल्या. आडव्या होऊ लागल्यात. मुंगी त्यांना धरून. ती माझ्याकडे बघते. रागानं नाही. रागानं बघितलं असतं तर —

मला माहितेय काय करायचं. एक अक्षर. तोंडाशी आलंय. दोनदा ओठ उघडले.

म्हटलं की जातील. मग या घरात मी कुणाची —

म्हणते. म्हणणार आहे. आजचा दिवस तेवढा बघू दे मला त्यांना, नीट बघू दे, उद्या सकाळी उठल्या उठल्या पहिलं हेच —

परत आलं खालच्या पट्टीत. "भिंगरे, येतो."

हो. ऐकलं मी. थांबा, जरा चहा ठेवते आणि मग