पेन्शनीच्या मांडवात आई

बाबा, आई गेली. आज राळेगावच्या बँकेत जाऊन तिची पेन्शन बंद करून आले. परतताना एसटीत तुमच्या निवृत्तीचा दिवस आठवत राहिला. मारेगावच्या तहसील कचेरीतून शाल-नारळ घेऊन तुम्ही घरी येता, शर्टही न बदलता चुलीजवळ बसता आणि आईला म्हणता, "आता काम न करता सरकार मले पैसे देईन. पन म्हातारे वाढले अन् कमावते घटले, तं हे कुठवर चालन?" आई भाकरी थापता थापता म्हणते, "तुमी आदी जेवा. सरकारचं मंग पाहू."

तुम्हाला ती पेन्शन फार लाभली नाही, तुमच्या मागे आईला लाभली. भाऊ तिला पुण्याला न्यायला आला तेव्हा ती म्हणाली, "माह्यं इथं भागते, मी कायले येऊ?" तो एकटाच परत गेला. मी शिक्षिका झाले ती उशिरा, नवी पेन्शन योजना आल्यावर. आमची पेन्शन बाजाराच्या चढउतारावर. म्हणून मागे आम्ही संप केला, यवतमाळला कलेक्टर कचेरीसमोर मांडव टाकून बसलो. दुसऱ्याच दिवशी पाहते तर आई डबा घेऊन एसटीने हजर! ऐंशीची बाई, सगळ्यांच्या पुढे सतरंजीवर बसली. एका तरुण मास्तरांनी विचारलं, "आजी, तुमाले तं पेन्शन भेटते. तुमी काहून आल्या?"

"भेटते म्हनूनच आली. नसती भेटत तं माह्यं काय झालं असतं, मले मालूम हाये."

तेवढ्यात माझ्या लेकीचा व्हिडिओ कॉल आला. तुम्ही तिला पाहिलंच नाही. ती नर्स आहे, जर्मनीत एका वृद्धाश्रमात काम करते. मांडव पाहून हसली. म्हणाली, "आजी, इकडं तं रिटायर व्हायचं वयच वाढवून राह्यले. बाजूच्या फ्रान्समध्ये त्याच्यावरून लोक रस्त्यावर उतरले. म्हातारे लय, पोरं कमी. म्हनून तं आमाले बोलावलं. माह्या पगारातून इथल्या म्हाताऱ्यांच्या पेन्शनीसाठी पैसे कापतात."

आईने फोन जवळ धरला. "अन् तुही माय म्हातारी होईन तवा इथं कोन राहीन वं?"

लेक हसायची थांबली. मग "आजी, आवाज तुटून राह्यला," म्हणाली आणि कॉल बंद झाला. आईने डबा उघडला, माझ्यासमोर ठेवला.

संप मिटला. सरकारने पुढे सुधारित योजना आणली. तिच्यात हाती काय पडेल यावर स्टाफरूममध्ये अजून वाद चालतात. पुढच्या वर्षी मीही निवृत्त होईन. लेक म्हणते, "आई, तू इकडंच ये." मी म्हणते, घर कोण पाहील, आंब्याला पाणी कोण देईल. खरं म्हणजे 'मीच परत येते' असं ती कधीतरी म्हणेल, याची वाट पाहतेय. हे तिला सांगायची हिंमत होत नाही. तुम्हाला सांगितलं, कारण तुमच्याकडून ते तिच्यापर्यंत पोचणार नाही.