शिंप्याचा लेफ्टनंट

एन्कार्नासिओन,
जून १९५६

प्रिय क्रिस्पिन,

हे पत्र देओलिंदामावशीच्या टोपलीत, चिपा पावांच्या खाली दडून नदी ओलांडेल. पलीकडे, अर्जेंटिनातल्या पोसादासच्या बाजारात तिची ओळखीची माणसं आहेत, ती ते वर जंगलात तुझ्या लाकूडतोडीच्या छावणीवर पोचवतील. नाक्यावरच्या शिपायाने टोपलीत हात घातला तर काय करशील, असं मी तिला विचारलं. म्हणाली, "हात घालू दे की, पाव अजून गरम आहेत. भाजला की आपोआप काढेल." तिची जीभ अजून तशीच आहे.

मागच्या निरोपात तू विचारलं होतंस, ताई, माझं चुकलं का? उत्तर द्यायला मी इतके महिने लावले, रागावू नकोस.

तुझा पहिला गणवेश आठवतो? पलटणीतल्या सगळ्या साहेबांचे कपडे बाबा एका बैठकीत बेतायचे, पण तुझा कोट मात्र पुन्हा पुन्हा उसवत बसले. खांदा बसत नाही म्हणायचे. खांदा चांगला बसला होता रे. त्यांना तो कोट हातातून सोडवत नव्हता, एवढंच. मग उत्तरेतल्या पलटणी सरकारवर उलटल्या आणि त्यांच्यावर गोळ्या झाडायला तुला तिकडे धाडलं. तू सगळी तुकडी घेऊन त्यांनाच जाऊन मिळालास, हे आम्हाला फौजदाराकडून कळलं. तो दुकानात आला, कापड बेतायच्या टेबलावर बूट ठेवून बसला आणि म्हणाला, "मास्तर, पोरगं फितूर निघालं तुमचं. आता तुम्ही कुणाचे, ते गावाला कळायला नको का?"

पुढचं तू ऐकलं असशील. रविवारी प्रार्थना संपल्यावर चौकातल्या बँडच्या ओट्यावर बाबांना उभं केलं आणि ते म्हणाले, "मला एक मुलगी आहे. मुलगा नाही." लोक खाली बघत होते. घरी येऊन बाबांनी टोपीसुद्धा काढली नाही, तसेच खाटेवर पडून राहिले. त्यानंतरही गणवेश शिवायचं काम त्यांना सोडता आलं नाही, फौजदाराने सोडू दिलं नाही. बंड मोडलं आणि तू नदीपलीकडे पळालास, तेव्हापासून तुझं नाव बाबांनी कधी घेतलं नाही. जेवताना मात्र एखाद्या दिवशी घास हातात धरून म्हणायचे, "त्या पलीकडच्याला उकडलेला मांडिओकाचा कंद तरी मिळत असेल ना?" मी म्हणायची, मिळत असेल.

आणि शेजारच्या पेत्रोनाकाकू. त्यांचा रामोन तुझ्या तुकडीत होता, तुझ्यामागे गेला आणि माघारीत मारला गेला. काकू विहिरीवर मला अडवून विचारायच्या, "तुमचा साहेब जिवंत, माझा शिपाई मेला. माझं पोर कुणाच्या शब्दावर गेलं गं?" मी घागर उचलून घरी यायची. तू हुकूम पाळला असतास तर रामोन जिवंत असता, बाबा ओट्यावर चढले नसते, असं मी कित्येक वर्षं मनात धरून होते. पण मग तुम्ही दोघांनी समोरच्यांवर गोळ्या झाडल्या असत्या, आणि त्यांच्याही आया कुठल्यातरी विहिरीवर उभ्या असत्याच. काकू हल्ली विचारत नाहीत. मागच्या आठवड्यात त्यांनी माझ्या पोरींसाठी संत्री आणून दिली. आम्ही दोघी बराच वेळ नुसत्या सोलत बसलो. यापेक्षा नीट उत्तर माझ्याकडे नाही, क्रिस्पिन.

आता हे पत्र का लिहितेय ते सांगते. एप्रिलमध्ये फौजदार पुन्हा आला, या वेळी टोपी काढून. म्हणाला, "नदीपलीकडे गेलेल्या सगळ्यांना माफी आहे. म्हाताऱ्या बापाने रेडिओवरून एक हाक मारली की पोरगं धावत येईल." बाबांनी सुई खाली ठेवली नाही. म्हणाले, "मुलगा नाही, असं तुम्हीच माझ्याकडून बोलून घेतलंत. जो नाही, त्याला हाक कशी मारू?" त्यांना घेऊन गेले. परत आणून सोडलं तेव्हा बोटांत सुई धरवत नव्हती. मे महिन्यात बाबा गेले. आईशेजारीच ठेवलंय त्यांना. तुझ्या वाटची माती मीच टाकली. गावाला सगळं ठाऊक आहे, पण गावात बोलणार कोण, आणि वर जंगलात बातमी पोचणार नाही, असा फौजदाराचा अंदाज आहे. याच महिन्यात, सान हुआनच्या सणाला, रेडिओवर माझा आवाज येईल. बाबा आजारी आहेत, तुझी वाट बघतायत, ये, असं मी म्हणेन. बाबांसारखं मला फौजदाराला नाही म्हणता आलं नाही. दोन पोरी आहेत घरात. मी रडेन, आणि ते रडणं खरं असेल. लहानपणी मारायची तशी तुला हाक मारेन. तरी बोटीत बसू नकोस. मी कितीही बोलावलं तरी येऊ नकोस.

तुझीच,
लिब्रादा